कवटीवरून आहार कसा ओळखावा : बोकडाच्या मुंडीपासून आर्माडिलोपर्यंत

विदर्भातल्या कोणत्याही बैलबाजारात जोडी पाहायला आलेला शेतकरी भावाची गोष्ट काढण्याआधी बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबतो, दात पाहतो, आणि गोऱ्हा अदात आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे एका नजरेत सांगतो. दातांवरून वय ओळखण्याची ही विद्या आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दात, जबडा आणि कवटी यांवरून त्या प्राण्याच्या खाण्याची रीत ओळखणे ही याच विद्येची पुढची पायरी आहे. प्राणिशास्त्राचे शिक्षण नुकतेच सुरू केलेले विद्यार्थी, शाळेतले विज्ञान शिक्षक आणि रानावनाची आवड असलेले गावातले तरुण यांना ती शिकता यावी, यासाठी हा लेख लिहीत आहे. मी स्वतः विदर्भातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात हा विषय शिकवतो. महागडी साधने नसताना तो कसा शिकवता येतो, हे मला विद्यार्थ्यांच्या सोबतीनेच समजत गेले.

लेखाच्या केंद्रस्थानी आर्माडिलो ठेवला आहे. हा कवचधारी प्राणी आपल्याकडे सापडत नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला असून त्याची एक जात उत्तरेकडे थेट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपर्यंत पसरली आहे. तरीही मी त्यालाच निवडतो, कारण त्याच्या एकाच घराण्यात, म्हणजे आजच्या वीसेक जाती आणि नामशेष झालेले भाऊबंद मिळून, मुंग्या-वाळवीवर जगणारे, जे मिळेल ते खाणारे आणि पूर्वी निव्वळ झाडपाल्यावर जगलेले, असे सगळे प्रकार आढळतात. घराणे एक आणि आहार वेगवेगळा असला, की कवटीतला कोणता फरक आहारामुळे पडला, हे बरेच स्पष्ट दिसते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कवटी खाद्याचे नाव सांगत नाही. तोंडाला किती काम करावे लागत होते आणि ते कोणत्या तऱ्हेचे होते, एवढेच ती सांगते. मुंगी आणि शिजवलेला मऊ भात यांत नावाने काहीच साम्य नसले, तरी चावण्याच्या कष्टाच्या दृष्टीने जबड्याला दोन्ही जवळपास सारखेच. हे लक्षात ठेवले तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

पहिली पायरी : कवटी कोणती घ्यावी आणि कोणती घेऊ नये

रानात पडलेली वन्यप्राण्याची कवटी, शिंग, दात, नख किंवा खवला उचलून घरी आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित प्राण्यांचे अवशेष बाळगणे हा गुन्हा आहे, आणि अभ्यासासाठी ठेवले होते, हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा या जंगलांच्या कडेला राहणाऱ्या विद्यार्थ्यांना असे अवशेष दिसण्याचा संभव अधिक असतो, म्हणून त्यांनी हा नियम विशेष पाळावा. असे काही दिसल्यास हात न लावता, शेजारी मापासाठी पेन ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

शिवारात मरून पडलेल्या गुराच्या बाबतीतही घाई नको. नाकातोंडातून काळपट रक्त आलेले जनावर फाशी रोगाने, म्हणजे काळपुळीने, मेलेले असू शकते. त्या रोगाचे बीजाणू मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात, म्हणून तशा जागेजवळ जाऊ नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच वर्दी द्यावी. उंदीर-घुशींचे सांगाडेही नवशिक्यांनी हाताळू नयेत.

मग उरते काय? मटणाच्या दुकानात मिळणारी बोकडाची मुंडी, आणि तेवढी पुरेशी आहे. दुसरी कवटी कुत्र्याची असली तर उत्तम. ती बहुतेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत जुन्या काचेच्या कपाटात असतेच. नसेल तर तिची चांगली छायाचित्रे चालतील.

दुसरी पायरी : मुंडी स्वच्छ करणे

घरी नेहमीप्रमाणे मुंडी शिजवून मांस काढून घेतले, की उरलेली कवटी आणि खालचा जबडा झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवावा. बादली घरापासून दूर, कुत्री पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवून वर दगड ठेवावा. दर चार-पाच दिवसांनी पाणी बदलावे. ते ओतताना खाली जुने धोतर किंवा बारीक कापड धरावे, कारण पुढचे लहान दात पाण्यात सैल होऊन निघतात आणि एकदा मातीत गेले की सापडत नाहीत. उन्हाळ्यात हे काम तीन-चार आठवड्यांत उरकते, हिवाळ्यात त्याहून बराच वेळ लागतो. वास सुटतो, त्याला इलाज नाही. हातमोजे आणि तोंडाला रुमाल मात्र हवाच.

यानंतर काही दिवस कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्यात ठेवून चरबी काढावी आणि शेवटी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस बुडवून सावलीत वाळवावी. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात कवटी ठेवल्यास दात तडकतात. ब्लीचिंग पावडर तर अजिबात वापरू नये. मी पहिल्या वर्षी ती वापरली होती. दिसायला कवटी पांढरीशुभ्र झाली, पण दोन महिन्यांत नाकाची पातळ हाडे खडूसारखी भुरभुरू लागली आणि तो नमुना कायमचा गेला.

तिसरी पायरी : पाहायच्या जागा ओळखणे

कवटी टेबलावर जबड्यासकट, तोंड डावीकडे करून ठेवावी. डोळ्याच्या खोबणीच्या पुढचा सगळा भाग म्हणजे मुस्कट. खोबणीखालून मागे कानाकडे जाणारा हाडाचा पूल म्हणजे गालाची कमान. त्या कमानीच्या आतून बोट घातले तर ते कानशिलाच्या खळग्यात जाते. जिवंतपणी तिथे कानशिलाचा स्नायू असतो. आपण सुपारी चावताना कानशिलावर बोटे ठेवली तर जो उंचवटा हलताना जाणवतो, तो हाच. गालाच्या कमानीपासून निघून खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्याला चिकटणारा दुसरा स्नायू गालाचा. दात आवळून धरले की गालावर जी गाठ टणक होते, ती त्याची.

खालचा जबडा वेगळा काढून पाहिला तर त्याला एक आडवा, दात धरणारा भाग आणि मागे एक उभा भाग असतो. उभ्या भागाला वर दोन टोके दिसतात. मागचे गोलसर टोक कवटीत बसते आणि तोच जबड्याचा सांधा. पुढचे चपटे, पात्यासारखे टोक कानशिलाच्या स्नायूने पकडलेले असते. नवशिक्यांची पहिली गडबड या दोन टोकांत होते, म्हणून जबडा दहादा काढून दहादा बसवावा.

चौथी पायरी : अडकित्त्याचा हिशेब

इथून पुढे जे सांगायचे आहे, ते सारे एका साध्या तत्त्वावर उभे आहे. वर्गात ते फळ्यावर मांडून मी दमलो होतो. मग एका विद्यार्थिनीच्या घरी, तिच्या आजीच्या चंचीतल्या अडकित्त्याने ते मला सोपे करून दिले. वाळलेली सुपारी मी अडकित्त्याच्या टोकाशी धरून दाबत होतो आणि ती निसटत होती. आजी म्हणाल्या, “टोकाले धरली त नाही फुटत. आत सरकव, खिळ्यापाशी.” मी सुपारी खिळ्याजवळ सरकवली आणि तिचे तेवढ्याच जोराने दोन तुकडे झाले.

जबडा हाही एक अडकित्ताच आहे. खिळा म्हणजे सांधा. फरक इतकाच, की आपण अडकित्ता टोकाला धरून दाबतो, आणि जबड्यात जोर लावणारा स्नायू सांध्याजवळ असतो. सोयीसाठी असे धरू, की स्नायू सांध्यापासून ३ सेंटीमीटरवर ८ किलोचा जोर लावतो. सांध्यापासून १२ सेंटीमीटरवरच्या दाताला त्यातले २ किलोच मिळतील, ६ सेंटीमीटरवरच्या दाताला ४ किलो मिळतील. म्हणजे मुस्कट जितके लांब, तितका पुढच्या टोकाचा चावा कमजोर. त्याच्या बदल्यात मिळते ती पोहोच आणि चपळाई, कारण स्नायू जरासा आखडला तरी टोक बरेच हलते. आखूड आणि उंच जबडा ताकदीचा, लांब आणि बारीक जबडा पोहोचीचा. ही खूण बहुतेक सस्तन प्राण्यांना लागू पडते.

मोजमापासाठी सुतळी आणि फूटपट्टी पुरते. पाच मापे घ्यावीत : कवटीची एकूण लांबी, मुस्कटाची लांबी, सांध्यापासून शेवटच्या दाढेपर्यंतचे आणि सर्वांत पुढच्या दातापर्यंतचे अंतर, आणि दाढांखाली खालच्या जबड्याची उंची. निव्वळ सेंटीमीटरला अर्थ नसतो. मुस्कटाला एकूण लांबीने भागून येणारा आकडा लिहावा, म्हणजे लहानमोठ्या प्राण्यांची तुलना करता येते.

पाचवी पायरी : बोकड आणि कुत्रा शेजारी ठेवून पाहणे

बोकडाच्या वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, तिथे जिवंतपणी टणक हिरडीची गादी असते. खालचे आठ दात त्या गादीवर पाला दाबतात आणि मानेच्या झटक्याने तो तोडला जातो. मग एक मोठी मोकळी जागा आणि त्यामागे दाढांची रांग. दाढेवरून बोट फिरवले तर चंद्रकोरीसारखे धारदार कंगोरे लागतात. टाकी लावलेल्या जात्याच्या तळीवर हात फिरवल्यासारखे ते वाटते, आणि कामही जात्याचेच आहे. सांधा दाढांच्या रांगेपेक्षा बराच वर असल्यामुळे वरच्या-खालच्या दाढा एकाच वेळी एकमेकींवर टेकतात, आणि सांध्याची बैठक सपाट असल्यामुळे जबडा आडवा सरकतो. गोठ्यात रवंथ करणारी गाय पाहावी, तिचा जबडा एका बाजूने फिरतो. तो फिरवणारा गालाचा स्नायू मोठा असतो, म्हणून जबड्याचा मागचा कोपरा रुंद आणि पसरट दिसतो.

कुत्र्याच्या कवटीत सगळे उलट आहे. सांधा दातांच्या रांगेच्या पातळीवर असतो, त्यामुळे दात कात्रीसारखे मागून पुढे मिटत येतात. सांधा खोबणीत घट्ट बसलेला असल्यामुळे आडवी हालचाल जवळजवळ नाही. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही या कात्रीची पाती, म्हणूनच कुत्रा हाड कुरतडताना ते गालाकडे, तोंडाच्या कोपऱ्यात धरतो. कानशिलाचा स्नायू मोठा असल्यामुळे जबड्याचे पात्यासारखे टोक उंच असते आणि मोठ्या कुत्र्याच्या डोक्यावर मधोमध हाडाची उभी कड तयार होते. कुत्र्याला ४२ दात असतात, बोकडाला ३२. दातांची संख्या पाठ करण्यात विद्यार्थी बराच वेळ घालवतात. माझ्या मते त्याहून सांध्याची आणि जबड्याची उंची पाहण्याची सवय लावणे अधिक मोलाचे आहे, आणि पुढे येणारा आर्माडिलो त्याचे कारण दाखवतोच.

या दोन कवट्या हातात घेऊन डोळे मिटून ओळखता येऊ लागल्या, की पुढे जावे.

सहावी पायरी : आर्माडिलोच्या घराण्यात शिरणे

विदर्भात आर्माडिलोचे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलेले असते ते कुष्ठरोगाच्या संदर्भात. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे आणि अमरावतीच्या तपोवनामुळे हा रोग आपल्या भागाच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याचे जंतू प्रयोगशाळेतल्या काचपात्रात वाढत नाहीत, पण नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोच्या तुलनेने थंड शरीरात वाढतात. हे १९७१ साली दाखवले गेले आणि संशोधनाला मोठी मदत झाली. आपण मात्र त्याच प्राण्याचे डोके पाहणार आहोत.

आर्माडिलोच्या कवट्यांची छायाचित्रे आणि फिरवून पाहता येणारी त्रिमितीय चित्रे परदेशी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर मोफत पाहता येतात. मिशिगन विद्यापीठाचे ‘अ‍ॅनिमल डायव्हर्सिटी वेब’ हे त्यांतले नवशिक्यांना सोपे. बाजूने, वरून आणि खालून घेतलेली चित्रे मोठ्या कागदावर छापून घ्यावीत आणि फूटपट्टीने त्यांच्यावरच मापे घ्यावीत. गुणोत्तरे काढायची असल्यामुळे चित्र लहान की मोठे, याने फरक पडत नाही.

आधी नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो घ्यावा. त्याची कवटी सुमारे १० सेंटीमीटरची असते आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक लांबी मुस्कटाचीच असते. मुस्कट नळीसारखे निमुळते, गालाची कमान पूर्ण पण बारीक, खालचा जबडा सडपातळ. पुढचे कातरणारे दात नाहीत, सुळे नाहीत. बाजूला प्रत्येक रांगेत साधारण सात ते नऊ दात असतात, आणि ते सगळे एकसारखे, लहान खुंट्यांसारखे. त्यांवर आपल्या दातांसारखे चकाकणारे कठीण वेष्टन नसते. कोवळ्या वयात दिसलेच तर त्याचा पातळ मागमूस दिसतो, तोही झिजून जातो. दात मऊ आहेत म्हणून ते जन्मभर मुळाकडून वाढत राहतात. वरचे आणि खालचे दात नेमके एकमेकांसमोर न येता एकाआड एक बसतात, त्यामुळे प्रत्येक दात दोन बाजूंनी झिजून त्याचे टोक कौलारू छपरासारखे उतरते होते. छायाचित्र मोठे करून पाहिले तर हा उतार दिसतो आणि एकदा दिसला की विसरत नाही.

आता अडकित्त्याचा हिशेब लावावा. एवढ्या लांब, बारीक जबड्याच्या टोकाला जोर उरतच नाही. पण हा प्राणी खातो काय? मुंग्या, वाळवी, भुंगेरे, त्यांच्या अळ्या, गांडुळे. मातीत नाक खुपसून वासाने शोधायचे, नखांनी उकरायचे आणि चिकट, लांब जिभेने उचलायचे. लांब मुस्कटाचा दुहेरी उपयोग होतो : आत वास घेणाऱ्या नाजूक हाडांच्या घड्यांना जागा मिळते, आणि जिभेला पोहोच मिळते. चावण्याचे काम थोडे असल्यामुळे ताकदीचा सांगाडा बाळगण्याची गरज राहत नाही. कधीमधी तो फळे, अंडी किंवा मेलेल्या प्राण्याचे मांसही खातो, हेही नोंदवून ठेवावे. कवटी मुख्य काम सांगते, अपवाद सांगत नाही.

त्याच्या शेजारी सहा पट्ट्यांचा आर्माडिलो ठेवावा. ब्राझील, पॅराग्वे आणि आसपासच्या मोकळ्या गवताळ प्रदेशांत हा राहतो. डोके रुंद, वरून चपटे आणि त्रिकोणी, मुस्कट आखूड, गालाची कमान जाड, खालचा जबडा उंच, आणि त्याचा मागचा उभा भाग चांगला रुंद. दात मोठे आणि मजबूत आहेत. इतकेच नव्हे, तर वरच्या जबड्यातल्या अगदी पुढच्या हाडातही एक जोडी असते, जी नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत नसते. हा प्राणी कंद, फळे, किडे, लहान प्राणी आणि मेलेल्या जनावराचे मांस, असे सगळे खातो. कंद फोडायला आणि मांस ओरबाडायला पुढच्या टोकाशी जोर लागतो, म्हणून मुस्कट आखूड ठेवून खिळा जवळ आणला गेला आहे. अर्जेंटिनातला मोठा केसाळ आर्माडिलो याच वळणाचा आहे. तो मेलेल्या जनावराखाली बीळ करून अळ्या आणि मांस दोन्ही खातो.

दोन्ही चित्रांवर गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंच्या जागा रंगीत पेन्सिलीने भराव्यात. हे काम लहान मुलांचे वाटेल, पण मी ते दरवर्षी करून घेतो. पहिल्या चित्रावर रंगाची अरुंद पट्टी उमटते, दुसऱ्यावर रंग जबड्याच्या मागच्या अर्ध्या भागावर पसरतो. तोंडी व्याख्यानातून जे पोहोचत नाही ते इथे पोहोचते.

तिसरा नमुना राक्षसी आर्माडिलोचा. हा आज जिवंत असलेल्यांतला सर्वांत मोठा, ३० किलोच्या वरही वजन भरणारा. त्याच्या तोंडात ८० ते १०० दात असतात. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत इतके दात क्वचितच कुणाला असतील. नवशिका लगेच म्हणतो, की हा जबरदस्त चावणारा असणार. प्रत्यक्षात तो प्रामुख्याने मुंग्या आणि वाळवीवर जगतो. त्याचे दात बारीक, चपटे आणि दुबळे असतात, वयाबरोबर त्यांतले कित्येक गळून जातात. त्याची खरी ताकद पुढच्या पायाच्या मधल्या प्रचंड नखात आहे, ज्याने तो वारूळ फोडतो. दात मोजण्यापेक्षा जबड्याची उंची मोजा, असे मी वर म्हटले ते या प्राण्यामुळेच.

घराण्यातली चौथी शाखा आता जिवंत नाही. ग्लिप्टोडॉन नावाचे घुमटासारख्या कवचाचे अवाढव्य प्राणी दक्षिण अमेरिकेत सुमारे १० हजार वर्षांपूर्वीपर्यंत होते, आणि ते आर्माडिलोच्या घराण्यातलेच होते, हे २०१६ साली प्राचीन डीएनएवरून स्पष्ट झाले. त्यांची कवटी आखूड आणि विलक्षण उंच. खालचा जबडा एखाद्या भिंतीसारखा, दात तीन पाकळ्यांचे, उभ्या खांबांसारखे, आणि गालाच्या कमानीपासून खाली लोंबणारी हाडाची मोठी पट्टी, जिला गालाचा भक्कम स्नायू धरून असे. हे झाडपाला आणि गवत दळणारे यंत्र होते. बोकडाशी त्यांचे जवळचे नाते नाही, दातांची घडणही वेगळी, तरी जात्याची गरज दोघांना सारखी होती. म्हणून सांधा दोघांतही दातांच्या रांगेपेक्षा उंच आणि गालाच्या स्नायूची जागा प्रशस्त आहे.

सातवी पायरी : आपल्या रानातले वाळवीखाऊ

वाळवी, म्हणजे आपल्याकडची उधई, खाणारे मोठे प्राणी आपल्या रानातही दोन आहेत, आणि दोघांनीही निरनिराळा मार्ग धरला आहे.

पहिला खवल्या मांजर. अंगावर खवले असल्यामुळे तो आर्माडिलोचा भाऊबंद वाटतो, पण तसे नाते नाही. त्याच्या तोंडात एकही दात नाही. कवटी गुळगुळीत, शंकूसारखी, गालाची कमान अर्धवट तुटलेली, खालचा जबडा म्हणजे दोन पातळ काड्या. जिभेचे मूळ घशात न राहता थेट छातीपर्यंत गेलेले असते. दळण्याचे काम त्याने पोटाकडे सोपवले आहे. जठराचा एक भाग जाड, मांसल आणि आतून कठीण असतो, आणि मुंग्यांबरोबर गिळलेली वाळू-खडे तिथे उपयोगी पडतात. कोंबडीची कलेजी-पेटा साफ करताना पेट्यात खडे सापडतात, त्यातलीच ही व्यवस्था. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोने जबड्याचे काम कमी केले, खवल्या मांजराने ते संपवूनच टाकले. दोन्ही चित्रे एकाखाली एक ठेवली तर ही उतरंड नीट दिसते.

दुसरे अस्वल. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण अस्वलाची कवटी मोठी, सुळे दणकट आणि दाढा मजबूत असतात. वाळवीखाऊची कवटी अशी कशी? खालून पाहिले की उत्तर मिळते. वरच्या पुढच्या दातांतले मधले दोन नसतात, त्यामुळे तिथे एक खिंड पडते आणि दात ४२ ऐवजी ४० भरतात. टाळू रुंद आणि खोलगट असते. वारूळ उकरून अस्वल ओठांची नळी करते, फुंकर मारून माती उडवते आणि त्या खिंडीतून वाळवी ओढून घेते. तो आवाज रात्री दूरवर ऐकू येतो, हे मोहफुले वेचायला भल्या पहाटे जाणारी माणसे सांगतील. पण तेच अस्वल उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूची फळे खाते, बोरे खाते, मध खाते. त्याला दाढा लागतात, म्हणून त्या राहिल्या.

या अस्वलाने एका जाणत्या अभ्यासकालाही फसवले आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा लांब नखे आणि पुढच्या दातांची उणीव पाहून त्याला स्लॉथ, म्हणजे अमेरिकेतला झाडांवर लटकून राहणारा संथ प्राणी, समजून त्याच्याच गटात घातले. इंग्रजीत त्याच्या नावाला स्लॉथ चिकटले ते आजही तसेच आहे. स्लॉथ हे आर्माडिलोच्या दूरच्या नात्यातले. म्हणजे आपल्या मेळघाटातल्या अस्वलाला काही काळ कागदोपत्री आर्माडिलोच्या नात्यात नेऊन बसवले होते. एका-दोन खुणांवरून निकाल देऊ नये, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या अजब बंगल्यात, निसर्गविषयक दालनात भुसा भरलेले प्राणी ठेवलेले आहेत. कवटी कातडीखाली झाकलेली असली तरी मुस्कटाची लांबी, गालाची रुंदी आणि डोळ्याची जागा पाहून आतल्या हाडांचा अंदाज बांधण्याचा सराव तिथे चांगला होतो. सहलीला जाणाऱ्या शाळांनी मुलांना वही-पेन्सिल घेऊनच आत न्यावे.

आठवी पायरी : नोंद लिहिणे

प्रत्येक नमुन्यासाठी वहीचे एक पान ठेवावे. डाव्या बाजूला फक्त जे दिसले आणि मोजले ते : मुस्कटाचे गुणोत्तर, जबड्याची उंची, सांधा दातांच्या पातळीला की वर, गालाची कमान जाड, बारीक की तुटलेली, दातांचा आकार आणि झीज. उजव्या बाजूला अनुमान, आणि प्रत्येक अनुमानापुढे ते डाव्या बाजूच्या कोणत्या नोंदीवरून काढले त्याचा आकडा. ज्या अनुमानापुढे दोन तरी आकडे नाहीत, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ते कच्चे समजावे.

अनुमान करताना आहाराखेरीज दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे उकरण्याची सवय. आर्माडिलोंत ‘गुलाबी परी’ या नावाचा चिमुकला प्रकार जवळजवळ सगळे आयुष्य वाळूखाली काढतो, आणि डोक्याने वाळू रेटणाऱ्या प्राण्याच्या कवटीची ठेवण निव्वळ खाण्याने ठरत नाही. दुसरी म्हणजे वय. पिल्लाचे मुस्कट नेहमीच आखूड असते. करडाची आणि बोकडाची मुंडी शेजारी ठेवली तर हे दिसेल. कोवळ्या आर्माडिलोची कवटी पाहून त्याला सर्वभक्षी ठरवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला मी नाव झाकून एक चित्र दिले होते. त्याने डावीकडे लिहिले : मुस्कट निम्म्यापेक्षा लांब, जबडा बारीक, कमान पूर्ण, दात एकसारखे आणि टोकाला उतरते. उजवीकडे लिहिले : चावणे थोडे, जीभ लांब असावी, खाद्य मऊ किंवा बारीक, पण दात झिजले आहेत म्हणजे काहीतरी चावत होता, शिवाय माती तोंडात जात असावी. प्राण्याचे नाव त्याला आले नाही, ती जागा त्याने कोरी सोडली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि मग चित्रावरचा कागद उचलून नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो दाखवला.